कुंडलिकेच्या मुखाशी : चौल ते कोर्लई, एका दिवसाची निवांत भटकंती (धागा)

१/
कोकणातील किल्ल्यांवर आपण जातो ते बहुधा घाईने. तट चढायचा, बुरुजावर छायाचित्र काढायचे आणि पुढच्या किल्ल्याची वाट धरायची. आजच्या धाग्यात मात्र एकच ठिकाण आहे आणि ते सावकाश पाहायचे आहे : रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीचे मुख. उत्तर काठावर चौल आणि रेवदंडा, दक्षिण काठावर साळाव आणि कोर्लई. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत रमतगमत फिरून येईल एवढाच हा परिसर. पण दोन हजार वर्षांचा इतिहास त्यात दाटीवाटीने बसला आहे.

२/
या मुखावर कोणाकोणाची सत्ता होती, ती यादी पाठ करणे सोपे आहे : शिलाहार, यादव, बहमनी, निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. त्याहून अवघड प्रश्न असा की, यांपैकी प्रत्येकाच्या काळातले आज तेथे नेमके काय उरले आहे? आणि जे उरले आहे, ते कोणी टिकवले? हा प्रश्न मनात ठेवूनच आपण चालायला सुरुवात करू.

३/
आधी नदीची ओळख. कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते, कोलाड आणि रोह्यावरून वाहत येते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. रोह्यापासून खालच्या पात्रात समुद्राचे पाणी चढते, म्हणून त्या भागाला रोह्याची खाडी म्हणतात. एक गंमत लक्षात ठेवा. मुळशी धरणातले पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले जाते आणि तेथून ते कुंडलिकेला मिळते. म्हणजे मुळा-भीमेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी वळून पश्चिमेला येते. या मुखाशी पोहोचणारे पाणीसुद्धा काही अंशी परगावचे आहे.

४/
बंदरे नदीमुखाशीच का वसली? उघड्या किनाऱ्यावर शिडाच्या जहाजाला आसरा नसतो. खाडीत शिरले की लाटा मंदावतात. भरतीबरोबर जहाज आत येते, ओहोटीबरोबर बाहेर पडते. वल्ह्यांचे निम्मे कष्ट समुद्रच करतो. खाडीच्या टोकाला माल उतरला की तेथून घाटवाटेने बैलांच्या पाठीवर तो देशावर जातो. म्हणून ज्याच्या हाती मुख, त्याच्या हाती जकात. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेल, शास्त्रीच्या मुखावर जयगड, वाघोटनच्या मुखावर विजयदुर्ग : कोकणचा नकाशा या दृष्टीने एकदा पाहाच.

५/
निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा हिशेब करावा. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना ठोकताळा असा : तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ असला, तरी त्यामागे शास्त्र आहे : चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. आपल्याला संध्याकाळी कोर्लईच्या टोकाशी ओहोटी हवी आहे. तेव्हा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडावा. मात्र उधाणाचे दिवस हेच असतात, म्हणून पाण्याजवळ जपून वागावे आणि छापील वेळापत्रकही पाहावे.

६/
पहिला मुक्काम चौल. सकाळच्या वेळी नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चालताना येथे कधी मोठे बंदर होते यावर विश्वास बसत नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणच्या पुढे ‘सेमिल्ला’ नावाची बाजारपेठ आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘सिमुल्ला’ अशी नोंद केली. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या नावांसोबत ‘चेमुल’ हे गाव येते. बहुतेक अभ्यासक ही सर्व नावे चौलचीच मानतात. भिक्षूंसाठी पाण्याची टाकी आणि लेणी कोरवून देण्याइतका पैसा ज्या व्यापाऱ्यांजवळ होता, त्यांच्यापैकी काहींचे गाव हे असावे.

७/
इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला. त्याने गावाचे नाव ‘सैमूर’ असे लिहिले आहे. सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत असल्याचे तो सांगतो : सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच लग्ने करून स्थायिक झालेले. त्यांच्या आपसांतल्या व्यवहारांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. हा राजा म्हणजे राष्ट्रकूटांचा मांडलिक, शिलाहार झंझ. परदेशी व्यापारी आपल्या बंदरात टिकावेत म्हणून त्यांचा न्याय त्यांच्याच माणसाकडे सोपवणे, हे शहाणपण अकराशे वर्षांपूर्वी या खाडीकाठी होते.

८/
चौलच्या रामेश्वर मंदिरात थोडा वेळ बसावे. समोर पुष्करिणी आहे. मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे झाकलेली आहेत. पाऊस रुसला की पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा होती. बंदराच्या गावाला पाऊस, वारा आणि अग्नी या तिघांचीही मर्जी राखावी लागते, ही जाणीव या तीन नावांतून दिसते. पाऊस नाही तर भात नाही. वारा नाही तर गलबत नाही. आणि शाकारलेल्या घरांच्या दाट वस्तीत आगीची भीती कायमचीच.

९/
पंधराव्या शतकात, बहमनी सत्तेच्या काळात, चौलच्या धक्क्यावर एक रशियन उतरला. त्वेर शहराचा हा व्यापारी अफानासी निकितीन. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या जवळजवळ तीन दशके आधीची ही गोष्ट. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. लोक आपल्याला पाहायला कसे गोळा होतात, स्त्रियांच्या केसांची वेणी कशी असते, माणसे किती कमी वस्त्रे नेसतात, हे सारे त्याने कुतूहलाने लिहून ठेवले. चौलहून पालीमार्गे तो जुन्नरला गेला. तेथे त्याचा घोडा जप्त झाला आणि धर्म बदलल्यास परत मिळेल असे त्याला सांगण्यात आले. शेवटी एका खुरासानी अधिकाऱ्याच्या रदबदलीने तो सुटला. रेवदंड्यात आज निकितीनचे स्मारक उभे आहे.

१०/
आता रेवदंड्याच्या खाडीकाठाला या. दुपारची भरती असेल तर पाणी काठोकाठ असते. येथे मार्च १५०८ मध्ये एक लढाई झाली. पोर्तुगीजांनी मसाल्याचा व्यापार तांबड्या समुद्राच्या मार्गावरून तोडायला सुरुवात केली होती. त्याचा फटका इजिप्तला बसला, म्हणून ममलुक सुलतानाने अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार पाठवले. गुजरातच्या सुलतानाचा दीव येथील अधिकारी मलिक अयाज आपल्या नौका घेऊन त्याच्या मदतीस आला. समोर होता लोरेन्सो द आल्मैदा, पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदाचा मुलगा. कोचीनच्या व्यापारी जहाजांना संरक्षण देत तो चौलला आलेला होता.

११/
मलिक अयाजच्या नौका येऊन मिळाल्यावर पोर्तुगीजांनी खाडीतून निसटायचे ठरवले. लोरेन्सोचे जहाज सर्वांत मागे होते. तोफेच्या माऱ्याने त्यात पाणी शिरले होते. प्रवाहाने ते बाजूला ओढले गेले आणि मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खुंटांमध्ये अडकले. ओढून काढण्याचे प्रयत्न फसले. लोरेन्सो आधी पायाला गोळा लागून जायबंदी झाला, मग मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीज आरमाराला बसलेला हा पहिला मोठा फटका. पुढे फेब्रुवारी १५०९ मध्ये बापाने दीवजवळ त्याचा सूड घेतला.

१२/
या लढाईच्या वर्णनांत सुलतान येतात, व्हाइसरॉय येतात, तोफांची मापे येतात. ते खुंट रोवणाऱ्याचे नाव येत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना जाळे बांधून मासळी धरायची, ही पद्धत कोकणच्या कोळ्यांमध्ये आजही आहे. कोठे खुंट टिकेल, कोठे गाळ आहे, ओहोटीचा ओढ कोणत्या बाजूला आहे, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे. इजिप्त, गुजरात आणि पोर्तुगाल यांच्या संघर्षातला तो निर्णायक क्षण एका अनाम मच्छीमाराच्या लाकडी खुंटापाशी घडला. पाण्यात कोठे खुंटांची रांग दिसली, तर तेथे दोन मिनिटे थांबावे.

१३/
१५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधायला घेतला. जुने गाव ते ‘वरचे चौल’ निजामशाहीकडे. खाडीच्या तोंडाशी ‘खालचे चौल’, म्हणजेच आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांकडे. आज गावात जाणारा रस्ताच तटातून जातो. आत पोफळीच्या बागा, विहिरी, घरे, आणि त्यांच्यामध्ये चर्चच्या भिंती, कमानी, दरवाजांवरची राजचिन्हे. फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा ‘सातखणी’ या मराठी नावाने ओळखला जातो. आता सगळे खण शाबूत नाहीत, पण नाव टिकले आहे. मनोरा बांधणाऱ्यांनी त्याला दिलेले नाव गावाने केव्हाच विसरून टाकले.

१४/
निजामशाहीशी सख्य टिकले नाही. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. वेढा कित्येक महिने चालला आणि १५७१ मध्ये तहावर संपला. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या काठावरची टेकडी तटबंदीत घ्यायला सुरुवात केली. त्या टेकडीवरून तोफ डागली तर खाडीत जहाज शिरूच शकत नाही, हे दोन्ही बाजूंना कळत होते. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती जागा जिंकली. हाच कोर्लईचा किल्ला.

१५/
रेवदंडा सोडण्यापूर्वी येथील सिनेगॉग आवर्जून पाहावे. १८४२ मध्ये बांधलेले ‘बेथ एल’ हे बेने इस्रायली ज्यूंचे प्रार्थनास्थळ. आपले पूर्वज अलिबागच्या उत्तरेला नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी काम बंद. म्हणून आसपासच्या गावांत ते ‘शनवार तेली’ झाले. बोली मराठी, आडनावे गावावरून, प्रार्थना हिब्रूत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून यांपैकी बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही घरात मराठी बोलणारी म्हातारी माणसे होती आणि त्यांच्यासाठी मराठी नियतकालिकही निघत असे.

१६/
आता पुलावरून साळावला. डाव्या हाताला रोह्याकडे जाणारी खाडी, उजव्या हाताला समुद्र. साळावला कारखान्याच्या धक्क्यावर बार्ज लागतात; म्हणजे या मुखातली मालवाहतूक दोन हजार वर्षांत पुरती कधी थांबलेलीच नाही. हा पूल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तोपर्यंत पलीकडे जायचे तर होडीने. अडीचशे वर्षे दोन काठांमध्ये पाणी होते, ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे महत्त्व कळेल.

१७/
कोर्लईचा किल्ला म्हणजे पाण्यात शिरलेली लांबट डोंगरधार. पायथ्याशी दीपगृह आहे. वर चढत गेले की एकापाठोपाठ एक दरवाजे लागतात. तटांनी किल्ल्याचे कप्पे पाडले आहेत, की एक भाग पडला तरी दुसरा लढवता यावा. माथ्यावर पडके चर्च आणि पाण्याचे टाके. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला शांत खाडी, समोर रेवदंड्याची माडांची रांग. दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. ओहोटीला धारेच्या उत्तर टोकाशी उतरून पाहिले की, मुख किती अरुंद आहे आणि या टेकडीसाठी एवढे रक्त का सांडले, हे पुस्तकाशिवाय समजते.

१८/
१६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा दिला होता. त्या वेळी किल्ला पडला नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४० च्या तहाने चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज शिबंदी, अधिकारी आणि धनवान कुटुंबे निघून गेली. बंदराचा व्यापार त्याआधीच सुरत आणि मुंबईकडे सरकू लागला होता. १८१८ नंतर इंग्रज आले, तेव्हा या मुखासाठी लढण्याजोगे फारसे काही राहिले नव्हते.

१९/
पण काही माणसे गेली नाहीत. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली गरीब स्थानिक कुटुंबे, त्यांतली काही मिश्र रक्ताची, कोर्लईला टेकडीच्या पायथ्याशी राहिली. लिस्बनशी संबंध नाही, गोव्याशी रोजचे येणेजाणे नाही, समोरच्या काठावर जायलाही होडी हवी. अशा स्थितीत त्यांनी आपली बोली टिकवली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेल्या या बोलीला तिचे बोलणारे ‘नौ लिंग’ म्हणतात. अर्थ साधा आहे : आपली भाषा.

२०/
ही मोडकीतोडकी पोर्तुगीज नव्हे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. शब्द बहुतांशी पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीकडे झुकली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येऊ लागले. शेजाऱ्यांशी पिढ्यान्‌पिढ्या बोलल्याशिवाय वाक्य असे वळत नाही. तटाच्या दगडावर जे कोरलेले नाही, ते येथे वाक्याच्या रचनेत नोंदले गेले आहे.

२१/
देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले, फीत : हे शब्द आपण रोज वापरतो आणि सगळे पोर्तुगीजमधून आलेले आहेत. यादी पुन्हा एकदा वाचा. त्यात एकही शब्द राज्यकारभाराच्या थाटाचा नाही. स्वयंपाकघर, मजुरी, कुलूप, शिवणकाम : जेथे साधी माणसे एकमेकांना भेटत होती, तेथूनच भाषा ओलांडून आली.

२२/
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. या मुखावर ताबा मिळवायला आले, त्यांनी तट बांधले. त्या तटांत आज वडा-पिंपळाची मुळे शिरली आहेत. येथे राहायला आले, त्यांनी मात्र लग्ने केली, घाणे घातले, खुंट रोवले, वाड्या शिंपल्या. चौलचे अरब, नौगावचे ज्यू, कोर्लईचे ख्रिस्ती, पात्रातले कोळी : या मुखाचा इतिहास टिकवला तो या माणसांच्या रोजच्या जगण्याने. विजयांच्या सनावळ्या आवश्यकच आहेत. पण त्यांच्यावर थांबले तर अर्धाच इतिहास हाती येतो.

२३/
आणि हा उरलेला अर्धा इतिहास नाजूक आहे. सिनेगॉगच्या वास्तूची डागडुजी करता येते. प्रार्थनेला जमणारी माणसे परत आणता येत नाहीत. कोर्लईची बोली बोलणारे आज एका गावापुरते, सुमारे हजारभराच्या आत-बाहेर आहेत. पूल झाला, रस्ते आले, शाळा मराठीत आणि आता इंग्रजीत. मुलांना पुढे जायचे तर त्या भाषा हव्यातच. दोष कोणाचा नाही. पण पडक्या बुरुजासाठी आपण जसे हळहळतो, तसे एका वाक्यासाठी क्वचितच हळहळतो. बुरुजाचे निदान छायाचित्र तरी उरते.

२४/
म्हणून ही भटकंती सावकाश करावी. सकाळी चौल, दुपारी रेवदंडा, उन्हे कलताना कोर्लई. तटावर नावे कोरू नयेत, खासगी वाड्यांत विचारल्याशिवाय शिरू नये. शेवटी गडावरून उतरल्यावर गाडीकडे धावू नये. कोर्लई गावातून चालत जावे. ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजीला नमस्कार करावा. मात्र कोणाला ‘बोलून दाखवा’ असे म्हणू नये. ती माणसे प्रदर्शनातली नाहीत. आपसांतले बोलणे कानावर पडले, तर तेवढेच ऐकावे.

२५/
शब्द ओळखीचे वाटणार नाहीत, पण वाक्याचा ठेका ओळखीचा वाटेल, कारण क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येईल. इतक्या लढायांनंतर या मुखाशी झालेला हा सगळ्यांत टिकाऊ तह आहे आणि त्यावर कोणत्याही राजाची मोहोर नाही.

तुमच्या गावाजवळच्या खाडीकाठी असे काय उरले आहे, ते खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.